लेकीने देसी सोरोरिटी घ्यावी की पॅनहेलेनिक?

डॅलसची_आई
नमस्कार मंडळी, लेक यंदा ऑस्टिनला यूटीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाला आहे आणि सोरोरिटीत (कॉलेजच्या मुलींच्या मेंबरशिपवाल्या क्लबात) जायचंच म्हणतेय. एकीकडे मोठी पॅनहेलेनिक घरं, म्हणजे जुन्या, मुख्यतः गोऱ्या मुलींच्या सोरोरिट्या, दुसरीकडे साउथ एशियन मुलींची काप्पा फाय गॅमा, जी १९९८ साली तिथेच सुरू झाली. तिचे बाबा म्हणतात अमेरिकेत राहून पण देसी लोकांतच राहायचं तर काय उपयोग, ती म्हणते तिथे मला माझं नाव फोडून सांगावं लागत नाही. मला दोघांचंही पटतंय, काय करावं?

कॅम्पसवाला
ताई, दादांना सांगा की हे वेगळे ग्रुप कुणी हौसेने काढलेले नाहीत. कॉर्नेल युनिव्हर्सिटीत १९०६ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी (सोरोरिटीसारखाच, पण मुलांचा क्लब) काढली, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत १९२८ मध्ये जपानी वंशाच्या मुलींनी ‘काय अल्फा डेल्टा’ (Chi Alpha Delta) ही सोरोरिटी, कारण गोऱ्यांच्या घरात त्यांना घेतच नव्हते. आणि हे फक्त तेव्हाचं नाही, अलाबामा युनिव्हर्सिटीत २०१३ मध्ये एका हुशार काळ्या मुलीला सोरोरिट्यांनी नाकारलं, आतल्या काही मुलींना ती हवी होती पण माजी मेंबर आड आल्या, विद्यार्थ्यांच्या पेपरने छापलं तेव्हा कुठे दारं उघडायला लागली. दार बंद होतं म्हणून लोकांनी स्वतःचं घर बांधलं, त्याला कोंडाळं कसं म्हणायचं?

जर्सीची_मुलगी
काकू मी देसी सोरोरिटीतच होते. माझी बिग (मला सांभाळून घेणारी सीनियर) तेलुगू, माझी लिटल (मी सांभाळायची ज्युनियर) दक्षिण अमेरिकेतल्या गयानाची, जिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी भारतात गेलेलं नाही, आणि आम्ही तिघी दिवाळी शोसाठी रात्री पार्किंग गॅरेजमध्ये लेझीम बसवत होतो!! मराठीपणाबद्दल इतके प्रश्न मला घरी कधी कुणी विचारले नव्हते. उलट माझ्या रूममेटला पॅनहेलेनिकमध्ये फार छान मैत्रिणी मिळाल्या, तीही देसीच, तिला खरंच तिथे आवडलं. त्यामुळे तुमच्या लेकीला दोन्हीकडच्या मुलींना भेटू दे.

पुणेकर_ह्यूस्टन
एक सांगतो, आपली माणसं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरुक कॉलेजचा एक मुलगा एशियन अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या हेझिंगमध्ये (नव्या मेंबरांच्या रॅगिंगमध्ये) जिवानिशी गेला, हे पेनसिल्व्हेनियात घडलं आणि पुढे त्या संस्थेलाच तिथे १० वर्षं बंदी झाली. चॅप्टरवर (त्या कॉलेजातल्या शाखेवर) आधी कारवाई झालीय का ते युनिव्हर्सिटीच्या साइटवर बघा, टेक्सासमध्ये ती माहिती जाहीर करावी लागते. फी किती, आणि मध्येच सोडायचं झालं तर काय, हेही लेकीला बिड (मेंबर होण्याचं आमंत्रण) घ्यायच्या आधीच विचारायला सांगा.