गृहभेटीतील नोंदीची वेळ कोणती धरावी?

प्रश्न:
आमच्या पथकातील परिचारिका गृहभेटीत टॅबलेटवर नोंदी करतात. नेटवर्क नसेल तर नोंद टॅबलेटमध्येच राहते आणि केंद्रावर परतल्यावर सिंक होते, म्हणजे मुख्य प्रणालीत चढते. मागच्या आठवड्यात एका आजींचा रक्तदाब सकाळी १७०/१०० होता आणि दुपारी दुसरीने मोजला तेव्हा १४०/९०. मात्र दुपारची नोंद आधी सिंक झाल्याने डॉक्टरांना तो चढत गेलेला दिसला. मात्रा वाढवण्यापूर्वी त्यांनी फोन केला म्हणून निभावले. तेव्हापासून सगळ्यांनी कागदी वहीही सुरू केली आहे. ही दुहेरी नोंद कशी थांबवावी?

प्रतिसाद १:
दोष सिंकचा नसून क्रम लावण्याच्या पद्धतीचा आहे. तपासणीची वेळ आणि नोंद प्रणालीत पोहोचल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोग्य माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एचएल७ संस्थेने केलेल्या फायर मानकात निरीक्षणाच्या नोंदीसाठी या दोन्ही वेळांना स्वतंत्र जागा आहे आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनएमआरएस या मुक्तस्रोत रुग्णनोंद प्रणालीतही निरीक्षणाची वेळ वेगळी साठवली जाते. तुमच्या प्रणालीचा पडदा (स्क्रीन) सिंकच्या वेळेने क्रम लावत असावा. पुरवठादाराकडून तो बदलून घ्या. शिवाय चुकीची नोंद पुसली न जाता कारणासह रद्द म्हणून राहिली पाहिजे, नाहीतर डॉक्टरांनी नेमके काय पाहून निर्णय घेतला, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

प्रतिसाद २:
वहीला माझा सरसकट विरोध नाही, पण ती फक्त टॅबलेट बंद पडल्यावर उघडावी आणि त्यातील नोंद कोण, केव्हा चढवणार हे आधीच ठरलेले असावे. दोन्हीकडे रोज लिहिणाऱ्या परिचारिका अखेर एकीकडे मोघम लिहितात, आणि बहुधा ती जागा टॅबलेटची असते.

प्रतिसाद ३:
थोडे वेगळे, पण याच्याशीच जोडलेले: मोबाइल क्रमांकावरून रुग्ण शोधत असाल तर सावध राहा. एका घरात एकच फोन असतो आणि सासूची नोंद सुनेच्या खात्यात जाते. नाव, वय आणि रुग्ण क्रमांक तिन्ही मोठ्याने वाचून खात्री केल्याशिवाय आम्ही नोंद उघडत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर:
आभारी आहे. आज तपासले, तेव्हा तपासणीच्या वेळेचा रकाना आमच्याकडे आहे, पण तो सिंकच्या वेळी आपोआप भरला जातो असे दिसले. पुरवठादाराला कळवले आहे. दुरुस्ती होईपर्यंत परिचारिका शेऱ्यात घड्याळातील वेळ लिहितील आणि डॉक्टर आधी शेरा वाचतील, एवढेच तूर्त ठरवले आहे.