नेपाळ-बांगलादेशशी करमुक्त व्यापार, आपल्यासारख्यांच्या पदरात नेमकं काय पडतं?

दुकानदार_लातूर

नमस्कार मंडळी. माझं लातूरला किराणा दुकान आहे, घरची थोडी शेतीपण आहे पण ती चुलते बघतात. प्रश्न असा की गेल्या हंगामापासून सोयाबीनवाल्या सगळ्या ग्रुपवर एकच चालू आहे की नेपाळमार्गे रिफाइंड तेल शून्य करात भारतात येतंय आणि त्यामुळं आपला भाव पडला. आता माझ्या दुकानात गंमत अशी की जो माणूस सकाळी आडतीवर सोयाबीन घालून भावाला शिव्या देत येतो तोच संध्याकाळी तेलाचा पुडा घेताना "एवढं महाग?" म्हणून मला शिव्या देतो. म्हणजे माल स्वस्तात गेला आणि तेलही स्वस्त मिळालं नाही, मग मधला पैसा गेला कुठं? शेजारच्या देशांशी असे करार केले की सामान्य माणसाचा फायदा होतो असं शाळेपासून ऐकत आलोय. साफ्टा, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा मुक्त व्यापाराचा करार, २००४ ला इस्लामाबादला सह्या होऊन २००६ पासून लागू आहे, म्हणजे वीस वर्षं होत आली. कुणाला प्रत्यक्ष फायदा झालाय का? राजकारण नको, धंद्यातलं नाहीतर शेतातलं सांगा.

रानातला_माणूस

दादा फायदा विचारताय तर आधी तोटा ऐका. २०२४ ला हमीभाव ४८९२. आमची पट्टी निघाली ४०५० ची, त्यातून हमाली तोलाई वजा. हमीभाव केंद्रावर गेलं की ओलावा बघायचं मशीन लावतात, १२ च्या वर काटा गेला की माल परत, आन पाऊस तर ऑक्टोबरपर्यंत हटंना, मग १२ कुठून यायचा. पुढं नोव्हेंबरात १५ पर्यंत सूट दिली पण तोवर दिवाळी होऊन गेलती, गरजवंतानं कवाच विकून टाकलं. आन त्याच टायमाला नेपाळातून तेलाचे टँकर. नेपाळात सोयाबीन पिकतं किती ओ? आमच्या एका तालुक्याएवढं तरी पिकतं का? मग हे तेल आलं कुठून? मला करारबिरार काय कळत नाही पण जो देश जी वस्तू पिकवतच नाही ती तो आपल्याला विकतो आन आपण कर घेत नाही, ह्याला काय म्हणायचं.

न्हावाशेवा_कारकून

रानातला_माणूस, तुम्ही म्हणता करार कळत नाही पण मुद्द्यावर बरोबर बोट ठेवलंत. मी क्लिअरिंग एजंटकडे कामाला आहे, रोज हेच कागद बघतो. सगळा खेळ सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा, म्हणजे माल कुठल्या देशातला आहे त्या दाखल्याचा असतो.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये सरकारनं खाद्यतेलावरचा कर वाढवला, कच्च्या तेलावर सगळं धरून २७.५ टक्के आणि रिफाइंडवर ३५.७५. तुमच्यासाठीच वाढवला होता, सोयाबीनचा भाव सावरावा म्हणून. पण नेपाळहून आलेल्या रिफाइंडवर शून्य. आता ज्याच्याकडे बिराटनगर-बीरगंजला रिफायनरी आहे तो अर्जेंटिना-ब्राझीलचं कच्चं तेल आणणार, ते आपल्याच कोलकाता-हल्दिया बंदरात उतरून नेपाळला जाणार, तिथं रिफाइन होऊन परत आपल्याकडे येणार. नियम आहे की किमान ३० टक्के मूल्यवर्धन, म्हणजे मालाच्या किमतीतली भर, तिथं झालं पाहिजे. नुसत्या रिफाइन करण्यात ३० टक्के कसे होतात हे तुम्हीच हिशेब करून बघा. पण कागदावर होतात. मजा म्हणजे २०२० च्या जानेवारीआधी हेच पामतेलात चालू होतं, तेव्हा सरकारनं रिफाइंड पामतेलाची आयात बंधनात टाकली तर तीच गाडी सोयाबीन तेलावर वळली आणि आज सोयाबीन तेल नेपाळच्या निर्यातीत एक नंबरला.

आणि हे काही नवीन नाही हो. श्रीलंकेशी आपला करार १९९८ च्या डिसेंबरात झाला, २००० पासून लागू. लगेच तिथं वनस्पती तुपाचे कारखाने उभे राहिले, बरेचसे आपल्याच लोकांचे! पामतेल मलेशिया-इंडोनेशियाचं, शिक्का लंकेचा, गिऱ्हाईक भारताचं. शेवटी आपण वर्षाला अडीच लाख टनाची मर्यादा घातली, आणि पुढे २००८ ला आपल्याकडे कच्च्या पामतेलावरचा करच उतरला तेव्हा तो धंदा आपोआप बसला. म्हणजे फायदा कराराचा नव्हता, दोन देशांच्या करातल्या फरकाचा होता. मिऱ्यांचंही तेच, व्हिएतनामची मिरी लंकेमार्गे यायला लागली म्हणून २०१७ ला किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत ठरवावी लागली, कर्नाटक-केरळच्या बागायतदारांनी बोंब ठोकली तेव्हा.

२०२० पासून कस्टमचे ओरिजिनचे नियम कडक झालेत, आता आयातदारालाच माल खरंच तिथला आहे याची माहिती ठेवावी लागते. काम वाढलं आमचं, बाकी जे चालायचं ते चालतंच.

निफाडचा_बाळू

सगळे आयातीवरच बोलताय म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्या नाशिकच्या कांद्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. ते गिऱ्हाईक असलं की लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॅक्टरवर चढून कांदा फोडून बघतो आणि बोली चढते, नसलं की तोच व्यापारी खालूनच हात हलवून पुढे जातो. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, पण बांगलादेशला जाते, जी इथं कुणी विचारत नाही. तर शेजाऱ्याशी व्यापाराने सामान्य माणसाचा फायदा होतो का, तर होतो, आमचा झालाय, कांदा साठवायच्या चाळी त्यावरच बांधल्यात लोकांनी.

पण भरवसा काय? २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. तिकडे ढाक्यात कांदा किलोला २०० टका, म्हणजे त्यांच्या चलनात, याच्या वर गेला, विमानानं आणला त्यांनी. शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय कांदा घालू नकोस, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले पण बाई खरं बोलल्या. १४ सप्टेंबर २०२० ला परत बंदी, बॉर्डरवर घोजाडांगा-पेट्रापोलला गाड्या उभ्या, कांदा गाडीतच सडला, पाणी गळत होतं खालून. माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या तीन गाड्या होत्या त्यात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात कर, डिसेंबरात परत बंदी, मे २०२४ ला उठवली पण ४० टक्के कर आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून. तो कर पूर्ण गेला १ एप्रिल २०२५ ला.

तोवर त्यांनी काय केलं? स्वतः कांदा लावला. आता त्यांचा माल निघाला की ते आयात परवानेच देत नाहीत, त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. बरोबरच आहे त्यांचं, आपण त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं. करार कागदावर वीस वर्षं असेल, पण दोन्हीकडचं सरकार एका रात्रीत नोटिफिकेशन काढणार असेल तर त्या कराराच्या भरवशावर कर्ज काढून चाळ कोण बांधेल?

वरुड_संत्री

बाळूभाऊ तुमी कांद्याचं सांगता, आमचं संत्र्याचं ऐका. बांगलादेश आमचा मोठा गिऱ्हाईक होता. किलोमागं २० टका आयात शुल्क होतं ते वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ टका केलं त्यांनी. साफ्टा होताच ना तेव्हा? मग कायचा मुक्त व्यापार? ज्या मालावर शेतकरी जगते नेमका तोच बाहेर ठेवाचा आन बाकीच्यावर सूट द्याची. संत्रं लहान निघालं की पहिले बांगलादेशला जाय, आता ते मंडीत पडून राह्यते.

पेंड_आणि_पोल्ट्री

थोडं थंड डोक्यानं. मी पशुखाद्याच्या धंद्यात आहे, सोयापेंड रोजची खरेदी. दुकानदार दादांचा मूळ प्रश्न होता की मधला पैसा गेला कुठं, त्यावर कुणी बोललंच नाही.

सोयाबीनच्या एका क्विंटलमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी जवळजवळ सगळी पेंड. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो. आणि पेंडीचं काय झालंय, तर मका-तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले, त्यांचा उरलेला चोथा, ज्याला आम्ही डीडीजीएस म्हणतो, तो पोल्ट्रीवाल्यांना सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो. पेंडीला मागणी नाही तर सोयाबीन गाळणारा प्लँटवाला सोयाबीनला भाव कुठून देणार? यात नेपाळचा काडीचा संबंध नाही. उलट २०२१ ला भाव दहा हजारावर गेला होता तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या ओरड्यावर सरकारनं १२ लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली होती, तीही जीएम सोयाबीनची, आणि भाव कोसळला. त्यात मी खूश होतो हे कबूल, कारण मी खरेदीदार. त्या वेळी शेतकऱ्याचं नुकसान झालं तेही खरं.

भारत वर्षाला दीडशे लाख टनाच्या वर खाद्यतेल बाहेरून आणतो. नेपाळचा त्यातला वाटा लहानच, आणि तो माल जातो बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशात. लातूरच्या दुकानात नेपाळचं तेल येत नसेल, विचारा दादांना. त्रास होतो तो तिकडच्या आपल्या रिफायनऱ्यांना, त्यांच्या मशिनरी अर्ध्या बंद. म्हणजे हा तोटा मुख्यतः कारखानदाराचा आणि सरकारी तिजोरीचा, पण आंदोलनात पुढं उभा केला जातो शेतकरी.

दुकानदार_लातूर

पेंडवाले साहेब, नेपाळचं तेल माझ्याकडं नाही हे खरं, पुड्यावर पत्ता बघितला. पण मग गिऱ्हाईकाचा फायदा तरी कुठं झाला? शून्य करातलं तेल पाटण्यात तरी स्वस्त मिळालं का?

न्हावाशेवा_कारकून

घाऊकमध्ये थोडं स्वस्त पडलं म्हणूनच तर विकलं गेलं ना. पण समजा कराचे किलोला तीस रुपये वाचले तर विकणारा दोन-तीन रुपये खाली लावतो, म्हणजे दुसऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, बाकी खिशात. सगळे तीस का सोडेल तो? आकडा अंदाजे सांगितलाय, पण रीत हीच.

सवलत काढून घेतली की काय होतं तेही सांगतो, नाहीतर वाटेल करारच वाईट. पाकिस्तानवर २०१९ ला पुलवामानंतर २०० टक्के कर लागला. खारीक तिकडूनच यायची. डिंकाचे लाडू करणाऱ्या घरात विचारा तेव्हा खारकेचा भाव कुठच्या कुठे गेला. अटारीचे हमाल बसून राहिले, शेकडो घरं होती त्यावर. आणि माल थांबला का? दुबईचा शिक्का मारून येत राहिला. २०२५ च्या मे महिन्यात तर पूर्णच बंदी आली, तरी जूनमध्ये डीआरआयनं, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, आमच्या न्हावाशेव्यालाच ३९ कंटेनर पकडले, ११०० टनाच्या वर माल, त्यात खारीक होतीच. देशाच्या सुरक्षेपुढे खारीक काय, बंदीबद्दल माझं म्हणणं नाही. एवढंच की कर शून्य असो नाहीतर दोनशे, लबाडाला दोन्हीकडे वाट सापडते, सरळ माणूस दोन्हीकडे अडकतो.

रक्सौल_रिटर्न

बँकेच्या नोकरीत काही वर्षं बिहारात नेपाळच्या हद्दीवरच्या रक्सौलला काढली, म्हणून लिहितो. तिथे टांगेवाला, ई-रिक्षावाला, कापडवाला, भांडीवाला सगळे बीरगंजच्या गिऱ्हाईकावर. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा हिशेब तिथल्या पोरांना पाढ्यांआधी येतो. लग्नसराईत नेपाळची बायामाणसं साड्या, मसाले, साखर घेऊन चालत पूल ओलांडून जायची. २०२३ ला नेपाळनं जुना नियम बाहेर काढून कडक केला, १०० नेपाळी रुपयांच्या वरच्या सामानावर कर भरा. शंभर नेपाळीत येतं काय हो, धड किलोभर तूरडाळ नाही. बाजार अर्ध्यावर आला. म्हणजे टँकरला शून्य कर आणि पिशवी घेऊन जाणाऱ्या बाईची झडती. माझा सगळा राग यावर आहे.

याच्या उलट चांगलं उदाहरण बॉर्डर हाटचं. २०११ ला मेघालयात कलाईचरला पहिला हाट सुरू झाला बांगलादेशच्या हद्दीला लागून. पाच किलोमीटरच्या आतल्या लोकांनीच विकायचं, भाजी, फळं, मासळी, घरगुती वस्तू, खरेदीची मर्यादा ठरलेली, कर नाही. पैसा लहान पण तो पिकवणाऱ्याच्या हातात जातो, मध्ये रिफायनरी नाही की सर्टिफिकेट नाही. असे हाट हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच झाले, कारण त्यात कुणा मोठ्याचा फायदा नाही असं माझं मत. दक्षिण आशियातले देश आपसात जेमतेम ५ टक्के व्यापार करतात, आसियानवाले, म्हणजे आग्नेय आशियातले देश, २५ च्या आसपास. आपल्याकडे करार पुष्कळ आहेत पण रस्ते, गोदामं, बॉर्डरवरची रांग यांचं कुणी बघत नाही. ट्रक दिवसेंदिवस उभा राहिला की कराची सूट डिझेलमध्ये आणि भत्त्यात जाते.

निफाडचा_बाळू

हे पटलं. आम्हाला कर माफ नको, शंभर टक्के खात्री द्या की पेरल्यापासून विकेपर्यंत नियम बदलणार नाही. बाकी आम्ही बघून घेऊ.

रानातला_माणूस

पेंडवाले भाऊ, नेपाळचा संबंध नाही म्हणालात ते काय पटलं नाही. संबंध थोडा असंल, पण व्यापाऱ्याला भाव पाडायला बातमी पुरते. "नेपाळचं तेल आलंय" म्हणलं की लातुरात शंभरानं खाली. तेल इथं येवो न येवो. आन २०२५ च्या मे महिन्यात कच्च्या तेलावरचा कर २७.५ वरून १६.५ टक्क्यावर आणला, ते तर नेपाळनं नाही केलं, आपल्याच सरकारनं केलं, ते कुणी बोलंना.

ते राहू द्या. यंदा माल ठेवायचा का लगेच घालायचा ते ठरवायचंय. पेंडीचा भाव आम्हाला कुठं बघायला मिळंल?

पेंड_आणि_पोल्ट्री

बातमीचा मुद्दा मान्य, बाजार असाच हलतो. पेंडीसाठी इंदूरचा भाव बघत जा, आपल्याकडचे प्लँट त्यावरच बोलतात. पेंड दोन आठवडे सलग चढली आणि प्लँटवाल्यांनी खरेदीदर वाढवला नाही तर थांबा, ते वाढवणार. दोन्ही सोबत पडत असतील तर घरात ठेवून उपयोग नाही, ओलावा आणि उंदीर खातील. आणि चोथ्याचा भाव पण विचारत जा कुणा पोल्ट्रीवाल्याला, तुमच्या गावात असेलच एखादा.