मदत हवी आहे: माळावरचा गोकर्णीचा वेल ओघळीकडे गुडघाभर, वर मात्र पिवळा

नमस्कार मंडळी,

माण तालुक्यात आमचं साडेचार एकर माळरान आहे. पाऊस ५०० मिलिमीटर झाला तरी आम्ही वर्ष चांगलं म्हणतो. कुसळी आणि मारवेल भरपूर आहे, पण दसऱ्यानंतर गवत वाळलं की गुरांच्या तोंडी नुसत्या काड्या येतात. चाऱ्यात प्रथिनं यावीत म्हणून शेंगवर्गातल्या बहुवार्षिक वनस्पती वाढवायच्या आहेत, त्याही माळावर आपोआप येतात त्याच: गोकर्णीचा वेल आणि बारीक पिवळ्या फुलांचा रानटी स्टायलो.

अडचण अशी. माळ उताराचा आहे. खाली ओघळीकडे काळी खोल माती, मध्ये मुरूम आणि वर चुनखडी. गेल्या जूनमध्ये तिन्ही ठिकाणी दहा बाय दहा फुटांचे तुकडे बाभळीच्या काट्यांनी बंद केले. बी कठीण कवचाचं असतं म्हणून रात्रभर कोमट पाण्यात ठेवून, फुगलेलं तेवढंच टोकलं.

काळ्या मातीत काट्यांच्या आत वेल गुडघाभर झाला. त्याच मातीत, काट्यांच्या बाहेर, हातभर अंतरावर मात्र बोटभर खुंट. गोकर्णीची वाढ शेंड्याकडून होते, शेळीने बुडापर्यंत खाल्लं की ती लवकर सावरत नाही. हे मला पटलं. स्टायलो जमिनीलगत पसरतो, तो बाहेरही टिकला. मुरमात तर तोच सगळ्यात बरा आहे. ओघळीत पाणी साचलं तिथे मात्र मेला.

खरा प्रश्न चुनखडीचा आहे. तिथे चराई नसूनही गोकर्ण वीतभरच. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. काल पाऊस पडून माती मऊ झाली होती म्हणून खुरप्याने दोन रोपं मुळासकट काढली, एक खालच्या काळ्या मातीतलं, एक वरच्या चुनखडीतलं. खालच्या रोपाच्या मुळांवरच्या गाठी ज्वारीच्या दाण्याएवढ्या, नखाने फोडली तर आत गुलाबी. वरच्या रोपाला गाठी होत्या, पण बारीक, आतून पांढऱ्या. पांढरी गाठ म्हणजे हवेतला नत्र (नायट्रोजन) रोपासाठी स्थिर होत नाही एवढं कळतं. गाठीतला गुलाबी रंग ज्या द्रव्याने येतो त्याला लोह लागतं, आणि चुनखडीत लोह असूनही रोपाला मिळत नाही. स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) तेच होतं. मग दोष लोहाचा, स्फुरदाचा, की त्या मातीत योग्य रायझोबियमच, म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणूच नाहीत?

लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) फवारून बघू शकतो, पण अख्ख्या माळावर दरवर्षी फवारणं आमच्याने होणार नाही. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट खत टाकलं तर आधी कुसळीच माजेल आणि वेलाला सावलीत दाबेल अशी भीती वाटते. खालच्या मातीची एक घमेली वर नेऊन टोकलेल्या जागी घातली तर रायझोबियम पोहोचेल का? कोणी केलं असेल तर जरूर सांगा.

आणखी एक. कायमचं कुंपण मला नकोय. दिवाळीनंतर धनगर मंडळी मेंढ्या घेऊन येतात, दोन रात्री आमच्या माळावर बसवतात. आमचे आजोबा त्यांना "या रं, पाणी घ्या" म्हणायचे, ते मला तोडायचं नाही. लेंडीखतही मिळतं. फक्त जुलै ते ऑक्टोबर चराई बंद ठेवली, शेंगा पिकून बी पडू दिलं, तर वेल दुसऱ्या वर्षी तग धरेल का? की पहिली दोन वर्षं पूर्ण मोकळी द्यावी लागतील? आमच्यासारख्या कमी पावसाच्या भागातला अनुभव असेल तर फार उपयोग होईल.

सोमवारी मातीचे नमुने परीक्षणाला देणार आहे. गोकर्णीचं सोटमूळ खोल जातं, म्हणून नेहमीच्या वीतभर खोलीवरचाच नमुना घेऊ, की हातभर खालची मातीही वेगळी देऊ?