केळीच्या पट्ट्यात अ‍ॅझोला: खत की खूळ?

केळीवाला, रावेर
ज्याला पाहावं तो सांगतो, ते पाण्यावर तरंगणारं नेचं, अ‍ॅझोला लावा, युरिया बंद करा. करायला सोपं आहे, मान्य. खड्डा, प्लास्टिक, शेण, थोडं सुपर फॉस्फेट. पण हिशेब कुणी मांडतं का? ओल्या अ‍ॅझोलात ९५ टक्के पाणी. १०० किलो सुकवला तर ५ किलो उरणार, त्यात नत्र जेमतेम २०० ग्रॅम. केळीच्या एका झाडाची शिफारसच २०० ग्रॅमची आहे! पाच हजार झाडांना झाडामागे क्विंटलभर अ‍ॅझोला आणू कुठून? खूळ आहे हे.

नवापूरकर
भाऊ, पाण्यावर तरंगणारं नेचं तुम्ही ठिबकवर तपासताय. आमच्याकडे भात आहे. लावणीनंतर बांधीतल्या पाण्यात सोडलं की जागेवरच वाढतं, वाहायचा प्रश्नच नाही. त्याच्या पानांच्या पोकळीत नील-हरित शेवाळ असतं, ते हवेतला नत्र धरतं. वर थर दाटला की तणही दबतं. व्हिएतनाम, चीनचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भातात हेच करत आले. 'खूळ' शब्द मागे घ्या.

केळीवाला, रावेर
भातापुरता घेतला. केळीला कायम.

काळी माती
आणि उन्हाळ्याचं काय भो? त्याला मानवतं २० ते ३० डिग्री, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर. शेडनेट लावा, पाणी बदला. रावेर-यावलला भूजल किती खोल गेलंय, वेगळं सांगायला नको.

शिरपूरची ताई
तुम्ही खतातच अडकलात. म्हशीला घाला की! कोरड्या मालात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात. शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा आणि सरकीच्या ढेपेत थोडा थोडा मिसळायचा. सवय लागेपर्यंत म्हैस नाक मुरडते, नंतर खाते. शेण शेवटी शेतातच जातं ना?

केळीवाला, रावेर
ताई, हे पटलं, पण मग तो चारा झाला. नैसर्गिक खतच हवं तर आपण बांधावर फेकतो ती केळीची खोडं बघा. पोटॅश त्यात भरपूर. तुकडे करून शेणकाल्यात कुजवा. कपाशीवाल्यांनी पाण्याची सोय असेल तर आधी हिरवळीचं खत म्हणून धैंचा किंवा ताग गाडावा.

काळी माती
खोडं तोडायला मजूर कोण देणार, तुम्ही? शिवाय खोड पोखरणारा सोंडकिडा असलेल्या बागेतली खोडं परत बागेत?

केळीवाला, रावेर
आख्खी पडून राहिली तर त्यातच सोंडकिडा वाढतो. उभी चिरून सुकवली की त्याला थारा नाही. मजुरीचं मात्र खरं आहे. कापणी यंत्र चार-पाच जणांनी मिळून घेतलं तरच परवडेल.

काळी माती
चार-पाच जणांचं एकमत? त्यापेक्षा युरियाची गोणी स्वस्त.