मदत हवी आहे: नववीची पोरं ग्रामसभेतली डोकी मोजून आली, आता पुढे कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी खेड्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात शिकवते. मूळ विषय मराठी. इतिहासाचे सर मे महिन्यात निवृत्त झाले, जागा काही भरली नाही आणि नववी-दहावीचं राज्यशास्त्र माझ्या गळ्यात पडलं. इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुणांचा पेपर, त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान. "धडा वाचून घ्या, प्रश्नोत्तरं लिहून द्या, झालं," असा सल्ला स्टाफरूममध्ये मिळाला होता. तो ऐकला असता तर बरं झालं असतं, असं या आठवड्यात दोनदा वाटून गेलं.

'संयुक्त राष्ट्रे' हा धडा घ्यायचा होता. आमसभा, सुरक्षा परिषद हे सगळं मुलांना फार लांबचं. म्हटलं, आधी सभा म्हणजे काय ते तरी जवळून बघू देत. म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला १२ मुलं घेऊन गेले. मतदार नाहीत म्हणून ती मागे, देवळाच्या पायऱ्यांवर बसली. नियम आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिला होता: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी, तितकी माणसं हवीत. गावात मतदार दोन हजारांच्या वर, म्हणजे १०० लागणार. हे गणित मुलांनीच केलं. मग डोकी मोजली. ४७.

सभा तहकूब. आठ दिवसांनी पुन्हा भरली तेव्हा २१ माणसं होती आणि सगळे ठराव मंजूर झाले, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग पहिल्यांदा तरी १०० ची अट कशाला?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याकडं तर रजिस्टर घरीच येतंय सहीला." वर्ग हसला. मीही हसले, ती माझी चूक.

संध्याकाळी मुख्याध्यापकांना फोन: "पोरांना राजकारण शिकवू नका." सर भले आहेत, मला एवढंच म्हणाले की पुस्तकाबाहेर जाऊ नका. पण दहावीच्या पुस्तकात 'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने' हा धडाच आहे! तो गावाचं नाव न घेता कसा शिकवायचा?

तर मदत हवी आहे. त्या मुलीला प्रामाणिक उत्तर काय देऊ? 'नियम आहे म्हणून' हे मला सांगायचं नाही. गावात दोन गट, दोन्ही गटांची मुलं एकाच बाकावर बसतात. कुणाची बाजू न घेता हे पुढे कसं न्यावं? आणि सुरक्षा परिषदेचं नाटुकलं वर्गात बसवायचंय, तर खरा प्रसंग कोणता घेऊ? पोस्टर, घोषवाक्य स्पर्धा असले उपाय कृपया नकोत, ते करून झालेत.

प्रतिसाद १

मी निवृत्त ग्रामसेवक. मुलीचा प्रश्न बरोबर आहे, आम्हीही नोकरीभर तो टाळत आलो. तिला सांगा: अट नसेल तर चार जण गुपचूप बसून गाव विकतील, आणि तहकुबीची सोय नसेल तर लोक आले नाहीत म्हणून नळाचं कामही अडेल. दोन भीतींमधली ती तडजोड आहे. ती वाईट वापरता येते, हेही सांगा.

मात्र डोकी मोजायला पुन्हा नेऊ नका. ती लोकांना हजेरी वाटते. त्याऐवजी मुलांचंच एखादं काम घ्या. रीतसर अर्ज लिहा, मुख्याध्यापकांची सही घ्या, पंचायतीत द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक हातात आला की पोरं पुढचं आपोआप शिकतात. दोन्ही गटांची मुलं एकाच अर्जावर आली तर फोन कोण करणार?

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचंही सांगा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, पण २१ माणसांत उरकत नाहीत.

प्रतिसाद २

सुरक्षा परिषदेसाठी फेब्रुवारी २०२२ घ्या. युक्रेनवरच्या ठरावाला १५ पैकी ११ मतं बाजूने, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ, विरोधात एकटा रशिया. ठराव पडला, कारण ते एक मत नकाराधिकाराचं होतं. मग विषय आमसभेत गेला. २ मार्चला १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ. तिथेही भारत तटस्थच. पण आमसभेचा ठराव सुरक्षा परिषदेच्या ठरावासारखा बंधनकारक नसतो.

तुमच्या मुलीचा प्रश्न इथे आपोआप येईल: अकरा जण 'हो' म्हणत असताना एकाने अडवायची सोय ठेवलीच कशाला? १९४५ साली ती नसती तर बडे देश आत आले असते का, यावर वर्ग भांडू द्या. भारत तटस्थ का राहिला, हे दोन मुलांना दोन बाजूंनी मांडायला लावा. तुम्ही मध्ये पडू नका.

धागाकर्ती

ग्रामसेवक काका, 'दोन भीती' आज वर्गात सांगितल्या. ती मुलगी म्हणाली, "मग तहकूब सभेला निदान ५० ची तरी अट ठेवायची." मला सुचलं नव्हतं.

अर्जाचा विषय मुलांनी ठरवला: जादा तासाहून परतताना ओढ्याजवळच्या रस्त्यावर दिवा नाही. सरांनी दोनदा वाचला आणि सही केली. सोमवारी पंचायतीत देणार.

सुरक्षा परिषदेच्या १५ चिठ्ठ्याही करून ठेवल्या होत्या. रजिस्टरवाल्या पोराने चिठ्ठी न उचलताच रशिया मागून घेतलाय.