शिबिरात नाव नोंदवलेले रुग्ण शस्त्रक्रियेला का येत नाहीत?

प्रश्न
नेत्रसेवा न पोहोचलेल्या वस्त्यांमध्ये आम्ही तपासणी शिबिरे भरवतो. मोतीबिंदूचे रुग्ण सापडतात, त्यांची नावे लिहून घेतली जातात, शस्त्रक्रियेला पैसे पडत नाहीत हेही समजावून सांगितले जाते. तरीही ठरलेल्या दिवशी बरेच जण फिरकत नाहीत. ते घाबरतात, असे सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते कारण अपुरे वाटते.

प्रतिसाद १
भीती असतेच, पण शस्त्रक्रिया विनामूल्य असली, तरी रुग्णाला तिथवर नेणाऱ्याचा रोज बुडतो आणि पुढे काही आठवडे डोळ्यांत वेळेवर थेंब घालणारे कोणीतरी घरात लागते. १९७६ मध्ये ११ खाटांनिशी सुरू झालेल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने शिबिरातूनच रुग्णांना बसने नेण्याची आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली. तारीख देऊन घरी पाठवलेला रुग्ण बहुधा हातचा जातो. मोतीबिंदू ‘पिकू’ द्यावा लागतो, हा जुना समजही खोडून काढावा. फार पिकला, तर शस्त्रक्रिया उलट अवघड होते.

प्रतिसाद २
मुळात यादी तपासावी. अंधुक दिसते म्हणणाऱ्याच्या डोळ्यापुढे बारीक छिद्राचा पुठ्ठा धरून तक्ता पुन्हा वाचायला लावा. आणखी दोन ओळी वाचता आल्या, तर प्रश्न बहुधा चष्म्याच्या नंबराचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार किमान १०० कोटी लोकांचा दृष्टिदोष टाळता आला असता किंवा त्यावर अद्याप उपचार झालेला नाही, आणि त्यांतील ८२.६ कोटींना फक्त चाळिशीचा चष्मा हवा आहे. तो तिथल्या तिथे देता येतो. काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही. म्हणून डोळ्याचा दाब आणि नस पाहिल्याशिवाय कोणालाही ‘सगळे ठीक’ म्हणू नये.

प्रतिसाद ३
न आलेल्यांत स्त्रिया किती, हे वेगळे मोजा. अनेक ठिकाणी त्या मागे राहतात, कारण जाण्याचा निर्णय घरातले दुसरेच कोणी घेते. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्यांना नंतर किती दिसते, तेही नोंदवा. एकाला नीट दिसले नाही, की ती बातमी तुमच्या पत्रकांच्या आधी पोहोचते.

प्रश्नकर्ता
आमच्या नोंदवहीत नाव, वय आणि कोणता डोळा एवढेच रकाने आहेत. सोबत कोण येणार, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.