मदत हवी आहे: गवताळ माळाच्या पुनर्स्थापनेची नोंद, जुने-नवे फोटो जुळत नाहीत

आक्रमक झुडपं काढून माळ पूर्ववत करण्याचं काम आहे, नोंद पाच वर्षं चालवायची आहे. जीपीएस वापरूनही दुसऱ्या फेरीतल्या फोटोची चौकट पहिल्याशी जुळत नाही. शिवाय लावलेल्यांपैकी जगलेल्या रोपांची टक्केवारी कशी काढायची?

रानखूण: फोनचा जीपीएस मोकळ्यावरही साधारण ५ मीटर चुकतो, झाडीत त्याहून जास्त. तो जवळ नेतो, नेमकी जागा जमिनीत ठोकलेली खुंटीच दाखवते. लाकडी खुंटीला वाळवी लागते, म्हणून लोखंडी सळई ठोका; वरचं टोक वाकवा, नाहीतर जनावरांना लागेल. कॅमेरा १.५ मीटर उंचीवर, दिशा होकायंत्राने अंशांत. समोर १० मीटरवर दर १० सेंमीला पट्टे मारलेली काठी उभी करा. जुन्या फोटोची छापील प्रत सोबत नेऊन खडक, मोठं झाड, टेकडीची कड जुळवा. माझ्या मते बाकी सगळ्यापेक्षा हेच जास्त कामाचं. झूम नको. आणि महिना तोच ठेवा. आधीचा उन्हाळ्यात, नंतरचा पावसाळ्यात काढला तर कुठलाही प्रकल्प यशस्वी दिसतो!

तृणपाती: टक्केवारी लावलेल्या रोपांवर काढा, सापडलेल्यांवर नाही. २०० लावली, १२० सापडली, त्यांतली १०८ जिवंत, तर उत्तर ५४ टक्के, ९० नव्हे. ‘सापडलं नाही’ हा रकाना ‘मेलं’पासून वेगळा ठेवा, कारण कधीकधी नुसती क्रमांकाची पट्टीच गळालेली असते. मेलेल्याच्या जागी नवं रोप लावलंत तर क्रमांकही नवा द्या, नाहीतर मर कागदावर दिसतच नाही.

गवत मोजायला जमिनीवर १ मीटर × १ मीटरची चौकट पुरते. तिची जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. माळावर उभं राहून निवडली की हात हिरव्याकडेच जातो. काम न केलेला तसाच एक तुकडाही मोजा. चांगल्या पावसाने दोन्हीकडे गवत वाढतं, मग श्रेय कशाला द्यायचं ते त्याशिवाय कळणार नाही.

धागाकर्ता: आभार. सगळे फोटो व्हॉट्सॲपवर गोळा केले तर चालेल?

रानखूण: फोटो म्हणून पाठवलेत तर आकार घटतो, स्थानाची माहितीही गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, खुंटी क्रमांक, अंश, याच क्रमाने. जाहीर अहवालात मात्र उलटं करा: दुर्मीळ वनस्पती किंवा घरटं असेल तर फोटोतली स्थानमाहिती पुसा आणि अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत द्या. जागा साधारण एक किलोमीटरच्या टापूत राहते, नेमकी सापडत नाही.